गाळलेली जागा

देव खिसेकापूसारखा असतो, हे वाक्य मी आईपासून लपवलं. घडलं ते एवढंच. त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं मलाही वाटत नव्हतं. पण वर्ष होत आलं तरी ते गाळलेलं वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं अधूनमधून जिभेला लागतंच आहे.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आई आमच्याकडे एडिसनला होती. सहा महिन्यांचा मुक्काम. नोव्हेंबरात न्यू जर्सीत पाचच्या आत दिवे लावावे लागतात, आणि फिरायला बाहेर पडावं तर नाक गळायला लागतं. त्यामुळे जेवणाआधीचा तास-दीड तास आम्ही तिघं सोफ्यावर. एका टोकाला पाय वर घेऊन फुलवाती वळणारी आई, मधे माझी अकरा वर्षांची लेक, दुसऱ्या टोकाला मी. आईच्या मांडीवर वाईहून आणलेला कापूस, शेजारी वाटीत बोटं ओली करायला चमचाभर दूध. टीव्हीवर काय लावायचं हे लेक ठरवायची, आणि त्या महिन्यात तिचं एकच चाललं होतं, 'फ्युचरामा'. एकतिसाव्या शतकातलं न्यूयॉर्क, सामान पोचवणारी एक गचाळ अंतराळ-कंपनी, आणि बेंडर नावाचा रोबोट, ज्याला चालायला दारू लागते आणि जो दिसेल ते ढापतो. आई त्याला 'डबा' म्हणायची. "आज काय करतोय तुमचा डबा?" म्हणत बसायची. तिला इंग्रजी येत नाही असं आमच्या घरात सगळेच धरून चालतात, ती स्वतःही. म्हणून दुभाष्या मी.

त्या दिवशी लागला तो भाग मी आधी पाहिलेला होता. 2002 च्या मार्चमधला, नाव 'गॉडफेलाज'. बेंडरला शांत झोप हवी असते म्हणून तो यानातल्या टॉर्पिडोच्या नळीत जाऊन झोपतो. तेवढ्यात अंतराळातले चाचे हल्ला करतात आणि गडबडीत टॉर्पिडोबरोबर हाही बाहेर फेकला जातो. यान आधीच पूर्ण वेगात असताना तो पुढे सुटलेला, म्हणजे आता त्याला कधीच कोणी गाठू शकणार नाही. आईला हे समजावून सांगायला मला धावत्या एसटीतून पुढे फेकलेल्या चेंडूचं उदाहरण द्यावं लागलं. "म्हणजे गेला तो," आई म्हणाली आणि वात वळत राहिली. पुढे एक लघुग्रह त्याच्यावर आपटतो, आणि बघतो तर त्याच्या छातीपोटावर इवल्याइवल्या माणसांची वस्ती झालेली. ती त्याला देव मानतात. या देवाची पहिली आज्ञा काय, तर दारू आणा. ती बिचारी राबतात, कारखाना काढतात, धुराने आभाळ काळं करतात, एकाचा हात जातो, पण देवाला घोटभर बिअर मिळते. इथं आईच्या भुवया थोड्या वर गेल्या. "नवस," ती म्हणाली. मी मान डोलावली. यापेक्षा चांगलं भाषांतर मला जमलं नसतं.

मग त्या देवाला दया येते. तिथून सगळं बिघडतं. पिकाला ऊन हवं म्हणून तो आपल्या चकचकीत अंगावरून सूर्यप्रकाश वळवतो, तर आग लागते. आग विझवायला फुंकर मारतो, तर माणसंच उडून अवकाशात जातात. तेव्हा तो ठरवतो की आता कशातच हात घालायचा नाही. पण त्याच्या मागच्या बाजूलाही एक वस्ती असते. आपल्या प्रार्थना कोणी ऐकत नाही म्हणून ती माणसं नास्तिक झालेली, आणि समोरच्या भाविकांवर चिडलेली. दोन्हीकडे टाचणीएवढे अणुबाँब. समोरची माणसं विनवतात, काहीतरी कर. हा म्हणतो, मी केलं की वाटोळंच होतं. दोन-चार ठिणग्या उडतात आणि छाती-पोट-पाठ सगळं स्वच्छ. एकही उरत नाही. 'मागची बाजू' म्हणजे नक्की कुठली हे आईने विचारलं तेव्हा मी सरळ मराठी शब्द सांगितला होता, आणि आजी-नात दोघी खूप हसल्या होत्या. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तो शब्द मला चालला आणि पुढचा चालला नाही.

"एकालाही ठेवलं नाही?" आईने विचारलं. तिच्या बोटांतली वात अर्धवट पिळलेली होती.

त्यानंतर तो डबा रित्या अंगाने काळोखात तरंगत राहतो आणि त्याला एक आकाशगंगा भेटते. ती लुकलुकते. लुकलुकणं म्हणजे शून्य आणि एक, आणि ते बेंडरला वाचता येतं. (माझं पोट गेली पंधरा वर्षं त्याच शून्य-एकावर आहे, त्यामुळे देवाची मातृभाषा ही असावी याचा मला थोडा अभिमानही वाटला.) तू देव आहेस का, असं विचारल्यावर ती ठाम काहीच सांगत नाही. बेंडरच अंदाज बांधतो की एखादं संगणकी यान देवावर आपटून जे उरलं ते तू असशील, आणि आकाशगंगा म्हणते, असेलही बुवा. मीही एकदा देव होतो, बेंडर सांगतो. हो, पाहिलं मी, आकाशगंगा म्हणते, छान चाललं होतं तुझं, सगळे मरेपर्यंत. इथं लेक सोफ्यावरून जवळजवळ खाली पडली. मग तो मधला, हळू बोललेला भाग. फार केलं तर लोक तुझ्यावर विसंबतात, काहीच नाही केलं तर आशा सोडतात. हात हलका लागतो. तिजोरी फोडणाऱ्यासारखा, खिसेकापूसारखा. आणि काम नीट जमलं तर तू काही केलंस की नाही याची लोकांना खात्रीच राहणार नाही.

मी आईला सांगितलं, "देव म्हणतो, फार केलं तरी पंचाईत, नाही केलं तरी पंचाईत. हलक्या हाताने करावं लागतं."

"कुणासारखं?"

"म्हणजे... हलक्या हाताने. रांगोळी काढावी तसं."

लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तू पिकपॉकेट स्किप केलंस." मी डोळे वटारले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि वाटी बाजूला ठेवून आई आत गेली. शेवटची दोन-तीन मिनिटं तिने पाहिलीच नाहीत. आमटीला फोडणी बसली, हिंगाचा वास आला, आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

बोललो नाही, पण लेकीची ती नजर राहिली. त्या नजरेत राग नव्हता. मोठा माणूस खोटं बोलताना सापडला की मुलं जरा दमल्यासारखी बघतात, तशी ती बघत होती. आणि 'रांगोळी' हा शब्द मला कुठून सुचला असेल याचं मलाच आश्चर्य वाटत राहिलं. इतका गुळगुळीत, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखा. देव रांगोळी काढतो! पाच वर्षांपूर्वी माझ्यासमोर कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

पाच वर्षांपूर्वी बाबा आजारी होते. मी रजा काढून वाईला गेलो त्या दिवशी देवघरात दिवा होता, पण देव नव्हते. ताम्हन रिकामं. मग दिसलं की पंचपात्रात पाणी भरून त्यात गणपती बुडवून ठेवलेला. 'देव पाण्यात घालून बसणे' हे मी हजारदा ऐकलं होतं, निकालाच्या आदल्या दिवशी, क्रिकेटच्या शेवटच्या षटकात, निवडणुकीत. खरोखरचा देव खरोखरच्या पाण्यात मी पहिल्यांदा पाहिला. अंगठ्याएवढी पितळी मूर्ती, झिजून नाकाडोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे उरलेले, आणि पाण्यामुळे ती मोठी दिसत होती. आई रोज पाणी बदलायची. शिळ्या पाण्यात कसा ठेवू त्याला, म्हणायची. म्हणजे धमकीही द्यायची आणि काळजीही घ्यायची. मला ते दोन्ही सहन होत नव्हतं. मी रिपोर्ट वाचत होतो, आकडे कुठल्या बाजूला चाललेत ते मला कळत होतं, आणि ही बाई एका पितळेच्या तुकड्याला श्वास कोंडून वेठीला धरते आहे.

अकराव्या दिवशी बाबा गेले. तेरावं झाल्यावर आईने गणपती पाण्यातून काढला, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसला, सोंडेच्या खाचेतलं पाणी टोकाने टिपलं आणि चौरंगावर त्याच्या जागी ठेवला. कसलाही त्रागा नाही. मी दारात उभा होतो. मला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. विचारावंसं वाटलं, याला काही शिक्षा नाही? पण तिच्या हाताकडे बघून विचारलं नाही. तान्ह्या बाळाची आंघोळ झाल्यावर पुसतात तसा तो हात चालला होता.

त्यामुळे तो भाग बघताना माझं मन बेंडरच्या बाजूचं होतं आणि आकाशगंगेच्या विरुद्ध. तिचं ते वाक्य लोक फार प्रेमाने सांगतात. मलाही ते आवडतं. पण त्यात एक सोय आहे, आणि ती मला डाचते. माझ्या कामात मी दिवसभर हेच बघतो. कोणीतरी रात्री बसून असा बिघाड दुरुस्त केला की सकाळी कोणालाच काही कळलं नाही, आणि कोणी काहीच केलं नाही पण नशिबाने काही बिघडलं नाही, या दोन्हींची नोंदवही सारखीच दिसते. कोरी. पहिल्याला शाबासकी द्यायची आणि दुसऱ्याला झापायचं, पण ओळखायचं कसं? खात्री नसणं हाच ज्याच्या कामाचा पुरावा, त्याला नापास कोण करणार? बाबांच्या वेळी हात इतका हलका होता की होता की नव्हता हेच कळलं नाही. मग तो देवाचा मोठेपणा की आमची समजूत?

तरी एक मान्य केलं पाहिजे. ती मालिका धर्माची इतकी टवाळी करते की शेवटी देव समोर आला तेव्हा ती त्यालाही सोडणार नाही असं मला पहिल्यांदा बघताना वाटलं होतं. तिथंच ती आवाज खाली आणते. बाकी कुणाला तिने सोडलेलं नाही. तिच्यातला नाताळचा सांताक्लॉजही रोबोटच, आणि त्याच्यात एक बिघाड. चांगलं-वाईट ठरवायचं माप त्याच्यात इतकं कडक बसलंय की जगातला जवळजवळ प्रत्येक जण त्याला वाईट वाटतो, आणि दर नाताळला तो बंदुका घेऊन फिरतो. आपल्याकडच्या चित्रगुप्ताच्या चोपडीत एक चुकीचं सूत्र शिरलं तर काय होईल, तेच. 2010 च्या एका भागात म्हातारा प्राध्यापक उत्क्रांतीच्या वादाला कंटाळून एका ओसाड ग्रहावर जातो आणि पाणी शुद्ध करायला तळ्यात सूक्ष्म यंत्रं सोडतो. ती यंत्रं भराभर उत्क्रांत होत रोबोटांची संस्कृती उभी करतात, आणि 'तुम्हाला मी निर्माण केलं' असं म्हटल्याबद्दल त्याच्यावरच खटला भरतात. निर्माता आरोपीच्या पिंजऱ्यात! हा भाग आईला दाखवायचा राहून गेला. तिला आवडला असता, कारण तिच्या मते देवाशी भांडायला कोर्ट ही अगदी योग्य जागा आहे. वाईच्या घरात ती रोज सकाळी अर्धा तास तेच करते, फक्त तिच्या कोर्टात आरोपीला नैवेद्य मिळतो.

आणि नरक. नरक तर आमच्याच राज्यात आहे.

हे मी गमतीने म्हणत नाही. पहिल्याच मोसमात, 1999 साली, बेंडरला विजेचं व्यसन लागतं, मग तो सुटण्यासाठी रोबोटांच्या धर्मात जातो. तिथं दाट तेलात बाप्तिस्मा होतो आणि धर्माचं चिन्ह छातीवर वेल्डिंग करून बसवतात. तो इतका सज्जन होतो की मित्रांना नकोसा होतो. मित्रच त्याला अटलांटिक सिटीला नेऊन पुन्हा बिघडवतात, आणि बिघडल्याबरोबर रोबोटांचा सैतान त्याला उचलून नेतो, कारण धर्मात जाताना ते कबूल केलेलं असतं. त्या नरकाचं दार कुठे, तर अटलांटिक सिटीतल्या एका बंद पडलेल्या करमणूक-बागेत, पाळण्यांच्या खाली. आई इथं असतानाच एका शनिवारी आम्ही तिकडे गेलो होतो, आईला समुद्र बघायचा होता म्हणून. एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवेने दोन तास. हंगाम संपलेला. लाकडी फळ्यांच्या त्या लांबच लांब रस्त्यावर चार कबुतरं आणि आम्ही. पाळणे थांबलेले, तळलेल्या पिठाचा आणि साखरेचा जुना वास मात्र फळ्यांतून अजून येत होता. कॅसिनोचं दार उघडलं की आतली गरम हवा आणि नाण्यांच्या आवाजासारखं संगीत बाहेर पडायचं, दार लागलं की पुन्हा समुद्र. लेकीने आजीला एका बंद पाळण्यासमोर उभं करून सांगितलं, "आजी, इथं खाली रोबोटांचं हेल आहे." आईने खाली वाकून फळ्यांच्या फटीतून पाहिलं. खाली वाळू होती, आणि कोणाची तरी एक चप्पल. "बरं आहे," ती म्हणाली, "जवळच आहे, आणि पार्किंग पण आहे."

मग ती पाण्याकडे गेली. बूट-मोजे काढून, त्या थंडीत. पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. मी ओरडलो की गार आहे, आजारी पडशील. ती परत येताना म्हणाली, हे पाणी फिरत फिरत तिकडेही जात असेल ना. मी भूगोल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पाण्याशी तिचं काहीतरी वेगळं आहे, आणि वाईत वाढलेल्या माणसाचं ते असणारच. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मी लहानपणी बोटीसारखी समजायचो. समोरून देऊळ साधं, चौकोनी, आत तो अवाढव्य देव, शेंदराचा आणि ओल्या फुलांचा वास. पण मागे नदीच्या अंगाला भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे, कृष्णेचा पूर आला की पाणी तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंना जावं म्हणून. अठराव्या शतकात रास्त्यांनी बांधलं तेव्हा कोणा गवंड्याने ही अक्कल लढवली असेल, त्याचं नाव मी कधी ऐकलं नाही. दर्शनाला येणारे लोक समोरून येतात, समोरून जातात. मोदक समोर, पाणी पाठीवर. आम्ही मुलं मात्र मागेच खेळायचो, भिंतीच्या टोकाला हात लावून दम घ्यायचो, दगड उन्हाने तापलेला असायचा. बेंडरच्या पाठीकडच्या माणसांना कोणी विचारलं नाही म्हणून ती नास्तिक झाली, हे कळल्यावर मला पहिल्यांदा ती भिंतच आठवली होती. देवाच्या पाठीमागे खेळलेला मीही एक.

आणि खिसेकापू? ज्या घरात गोकुळाष्टमीला लोणी चोरणाऱ्याचा पाळणा म्हणतात, त्या घरातल्या बाईला देवाला चोर म्हटलेलं खटकेल असं मला का वाटलं असेल? जनाबाईने तर विठोबाला सरळ शिव्या घातल्या आणि आपण त्या देवळात टाळ्या वाजवत म्हणतो. आईबरोबर लहानपणी मी काशीविश्वेश्वरासमोर कीर्तनं ऐकलीत. कीर्तनकार दामाजीची गोष्ट रंगवून सांगायचे. मंगळवेढ्याला दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली, बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसं पाठवली, आणि ते पोचायच्या आत विठू महार नावाचा एक गडी येऊन सगळ्या धान्याची रक्कम भरून, पावती घेऊन गेलेला. कोण होता कुठला होता, कोणालाच धड सांगता येईना. हलका हात म्हणतात तो हाच की. फक्त आपल्या देवाला सरकारी कचेरीची नीट माहिती, म्हणून त्याने पावती मागून घेतली. अमेरिकेतला देव पुरावा ठेवत नाही, आपला ठेवतो, पण दुसऱ्याच्या नावावर. त्या गोष्टीत बुवा पावतीवर आले की आई पदराने डोळे पुसायची. तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत असायचो, आणि पुसताना तिचा हात कपाळावरून जायचा.

म्हणजे तिला काही झालं नसतं. मी तो शब्द तिच्यासाठी गाळला नव्हताच. पंचपात्रातला तो गणपती मला आठवला असणार. 'खिसेकापू' म्हटलं असतं तर 'मग आपला खिसा कापला तो यानेच' हे पुढचं वाक्य माझ्याच तोंडून गेलं असतं, त्या सोफ्यावर, लेकीसमोर, आमटी व्हायच्या आधी. ते मला नको होतं. आईच्या मनाला जपतोय असं दाखवत मी माझं जुनं भांडण झाकत होतो.

मध्यंतरी मला एक गोष्ट कळली आणि मी तो भाग पुन्हा एकट्याने लावला. बेंडरचा जिवलग मित्र फ्राय, जो त्याला शोधत सगळीकडे वणवण करतो, पाद्र्याकडे जातो आणि शेवटी हिमालयातल्या एका मठात पोचतो, त्याचा आवाज आणि त्या आकाशगंगेचा आवाज हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत, बिली वेस्ट नावाच्या नटाचे. कार्टूनमध्ये एकाच माणसाने दहा आवाज काढणं यात विशेष काही नाही, तो खर्चाचा आणि सवयीचा भाग. पण डोळे मिटून ऐकलं तर एक गळा हाका मारतो आणि तोच गळा दुरून ऐकतो. फ्राय मठातल्या त्या मोठ्या दुर्बिणीच्या यंत्रातून रात्रंदिवस हाका मारतो, शेवटी थकतो, आणि माझा मित्र परत मिळाला असता तर, असं नुसतं पुटपुटतो. प्रार्थना म्हणून नाही. तेवढं मात्र पोचतं. त्याआधी आकाशगंगेने बेंडरला सांगितलेलं असतं की मागणारे इतके आहेत की पुढेपुढे कान आपोआप बंद होतो. पाणी रोज बदलणाऱ्या बाईचं त्यात काय होत असेल, असा विचार करत मी टीव्हीसमोर बसून राहिलो, पडदा आपोआप बंद होईपर्यंत.

परवा रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे रात्रीचे साडेआठ. ती पुढ्यात परडी घेऊन मेथी निवडत होती आणि फोन तिने डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला तिचे हात आणि अर्धी हनुवटी एवढंच दिसत होतं. इकडचं-तिकडचं झालं. मग मी सांगून टाकलं. म्हटलं, तुला आठवतं का, तो डबा देव होतो तो भाग? त्यात देव जे म्हणाला ते मी तुला पूर्ण सांगितलं नव्हतं.

"पिकपॉकेट," आई म्हणाली.

मी गप्प.

"अरे, एसटी स्टँडवर बोर्ड असतात की. पिकपॉकेटपासून सावध राहा. तेवढं कळतं मला. मी तेव्हाच हसले होते, तू रांगोळी म्हणालास तेव्हा. म्हटलं याला सांगायचं नाही तर नको सांगू दे." तिने एक जाड देठ मोडला. मोडल्याचा आवाज इथपर्यंत आला. "त्या रांगोळीचं मात्र मला आवडलं होतं हं. पण ते तुझं होतं, हे कळलं."

मला बाबांचं काढायचं होतं. पंचपात्राचं. पाच वर्षं विचारायचं राहिलेलं. तोंड उघडलंही, पण त्याआधी तिनेच हात थांबवले, हनुवटी खाली आली, आणि पहिल्यांदा तिचा पूर्ण चेहरा पडद्यावर दिसला, फार जवळून, चष्म्यावर मेथीचं एक पान चिकटलेलं.

"ते सांग मला. त्या एक डोळ्याच्या मुलीने ते साधू खोलीत कोंडले होते ना, दुर्बीण पाहिजे म्हणून? मी कुकर बंद करायला गेले तोवर ते आतच होते. मग त्यांना सोडलं का कोणी?"

मी आठवून बघितलं. शेवटी फ्राय आणि ती एक डोळ्याची लीला म्हणतात, त्यांचा देव सोडवेल की त्यांना. आणि तो डबा, देवाला नुकताच भेटून आलेला, म्हणतो, देवाच्या भरवशावर राहू नका, चला, आपण नाही गेलो तर कोणी जाणार नाही. ते निघतात. मग कॅमेरा वर वर जातो, पृथ्वी लहान होते, आणि भाग संपतो.

"निघतात सोडवायला," मी म्हटलं.

"निघतात ते ठीक. पोचतात का?"

"ते दाखवलेलं नाही, आई."

"असं कसं दाखवलेलं नाही?" ती म्हणाली, आणि चष्मा काढून पदराला पुसायला लागली. "नीट बघ परत. दाखवलं असेल."